यादी-शोध: बिल्डच्या (प्रोग्रॅम बांधण्याच्या) नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

८ जून, रविवार

बेळगाव-जांबोटी रस्त्यावर आमचं आजोळ. तिथल्या वाचनालयात सतरा कपाटं आहेत, सोळा मराठीची आणि एक कन्नडचं. यादी म्हणजे वाचनालय सांभाळणाऱ्या गुरुजींच्या हातच्या चार जाड वह्या. मावसभावानं गेल्या उन्हाळ्यात त्या सगळ्या टाईप करून काढल्या. आता त्यात शोधायची सोय पाहिजे.

मशीन एकच, कुणीतरी देणगी म्हणून दिलेलं: विंडोज ७, ३२ बिट, २ जीबी रॅम, नेट नाही. ‘नवीन घेऊया का’ विचारलं तर गुरुजी म्हणाले, ‘पावतीचा प्रिंटर ह्यालाच जोडलाय. तो चालतोय तवर हात लावायचा नाही.’ विषय संपला.

शोधायचा प्रोग्रॅम ‘गो’ ह्या भाषेत लिहायचं ठरवलं. एकच एक्सई फाईल (डबल क्लिकनं चालणारी) होते, काही बसवावं लागत नाही, आणि लिनक्सवर बसून विंडोजची एक्सई काढता येते. विंडोजच्या आज्ञा टाईप करायच्या काळ्या खिडकीत देवनागरीची जोडाक्षरं फुटतात, म्हणून प्रोग्रॅम आपला आपल्याच मशीनवर छोटा सर्व्हर उघडतो आणि पान ब्राउझरमध्ये दिसतं. विंडोज ७ वर चालणारा शेवटचा फायरफॉक्स म्हणजे ११५ ईएसआर. तो पेन ड्राइव्हवर घेतलाय.

१२ जून

आज गिटहब ॲक्शन्सची यॅमल फाईल लिहिली. गिटहब म्हणजे कोड ठेवायची साइट, ॲक्शन्स म्हणजे तिथं कोड आपोआप बांधून तपासायची सोय, आणि तिनं काय काय करायचं ते यॅमल साच्यात लिहायचं. रिपॉझिटरी (कोडचं कोठार) खाजगी ठेवलीय, कारण टाईप केलेल्या वह्यांत सभासदांचे फोन नंबरही आलेत. ते वेगळे काढेपर्यंत जगासमोर नको.

काम साधं: कोड पुश झाला (गिटहबवर चढवला) की उबंटूच्या, म्हणजे लिनक्सच्याच, मशीनवर कोड उतरवायचा, सेटअप-गो नावाच्या तयार पायरीनं गो बसवायचं, टेस्ट चालवायच्या, मग विंडोज ३८६ (३२ बिट) साठी एक्सई काढून ठेवायची. गोची आवृत्ती काय लिहायची? ‘स्टेबल’, म्हणजे सध्याची ताजी, असं लिहिलं. पहिल्या फटक्यात हिरवी टिक. इतक्या सहज काही जमलं की मला धास्तीच वाटते.

१५ जून, रविवार

धास्ती खरी ठरली.

मावसभावाच्या गाडीवरून गेलो. वाटेतलं किणये गाव सोडलं आणि पावसानं गाठलं. पेन ड्राइव्ह दुधाच्या पिशवीत गुंडाळून आतल्या खिशात. वाचनालयात पोचलो, एक्सईवर डबल क्लिक केलं, काळी खिडकी उघडली आणि पापणी लवायच्या आत मिटली. पुन्हा तेच. मग खिडकी आधी उघडून तिच्यातून चालवलं तेव्हा वाचता आलं: बीक्रिप्टप्रिमिटिव्ज.डीएलएल (विंडोजची एक आतली फाईल) सापडली नाही. खाली गोच्या रनटाईमचा लांबलचक पसारा.

गुरुजी चष्म्यावरून बघत होते. ‘काय म्हणतंय?’

‘फाईल सापडत नाही म्हणतंय, गुरुजी.’

‘मग वहीच बरी की ग. वहीत सापडत नाही असं नसतं. शोधणाऱ्याला सापडत नाही.’

चहा पिऊन परत.

१६ जून

कारण सापडलं, आणि ते माझ्याच अंगणात होतं. गोची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. फेब्रुवारी २०२३ च्या १.२० सोबतच त्यांनी लिहून ठेवलं होतं की विंडोज ७, ८, सर्व्हर २००८ आणि २०१२ यांवर चालणारी ही शेवटची आवृत्ती. ‘स्टेबल’ म्हणजे आजच्या घडीला १.२४. तिला सुरू होतानाच यादृच्छिक आकड्यांसाठी विंडोजची जी सोय लागते, ती ह्या जुन्या मशीनवर तिला मिळत नाही.

मग हिरवी टिक आली कशी? उबंटूला ती एक्सई चालवायची नव्हतीच, नुसती लिहायची होती. टेस्ट चालल्या त्या उबंटूवरच्या, उबंटूसाठी बांधलेल्या. आणि गिटहबकडं विंडोजचं मशीन मागितलं तरी मिळतं ते सर्व्हर २०२२ सारखं नवं. विंडोज ७ तिथं कुणी देणार नाही. म्हणजे खरी टेस्ट किणयेच्या पुढं, वाचनालयातच.

१७ जून

यॅमलमध्ये ‘स्टेबल’ खोडून १.२० लिहिलं. पुश. लाल.

लॉग (कामाची नोंद) उघडला तर पहिल्याच पायरीत बसवलेली आवृत्ती: गो १.२.२. ती २०१४ सालची. पुढच्या पायरीवर तिनं हात वर केले, ‘मॉड’ नावाची आज्ञाच आपल्याला ठाऊक नाही म्हणाली. बरोबरच आहे तिचं, मॉड्यूल (बाहेरचा कोड सांभाळायची पद्धत) आले २०१८ मध्ये, १.११ सोबत.

दहा मिनिटं स्क्रीनकडं नुसती बघत बसले. मग डोक्यात उजेड पडला. यॅमलमध्ये अवतरण चिन्हाशिवाय १.२० लिहिलं की वाचणारा त्याला संख्या समजतो, आणि संख्येच्या शेवटच्या शून्याला किंमत नाही. एक रुपया वीस पैसे म्हणून ठीक आहे. पण खंड १, पान २० मागितलं आणि पान २ काढून दिलं तर? पायथॉनवाल्यांचं ३.१० असंच ३.१ होतं. मी हे पूर्वी वाचलेलं होतं, वर्गात सांगितलेलंही आहे. तरी पाय त्याच खड्ड्यात.

अवतरण चिन्हं घातली. आता लॉगमध्ये १.२०.१४ दिसतंय. तासभर गेला दोन अवतरण चिन्हांपायी.

१९ जून

आवृत्ती बरोबर बसतेय, तरी लालच. गो.मॉड फाईल (प्रोग्रॅमला कुठलं गो आणि कुठला बाहेरचा कोड लागतो त्याची यादी) वाचतानाच अडतंय: ‘१.२३.०’ ही आवृत्ती चुकीच्या साच्यात आहे, ‘१.२३’ असं दोन भागांत पाहिजे. तिच्याखाली ‘टूलचेन’ (बांधायची हत्यारं) नावाची ओळ आहे, तीही ह्याला परकी.

ह्या ओळी मी लिहिलेल्या नाहीत. गेल्या आठवड्यात युनिकोडचं (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या पद्धतीचं) एक्स/टेक्स्ट पॅकेज, म्हणजे तयार कोड, आणलं, त्याच्या ताज्या आवृत्तीला गो १.२३ लागतं. माझ्या लॅपटॉपवर १.२४ आहे. १.२१ पासून गो स्वतःच्या अधिकारात गो.मॉडमधली ओळ वर सरकवतं आणि गरज पडली तर आणखी नवी टूलचेन गुपचूप उतरवूनही घेतं. नवीन मशीनवाल्यांना ही सोय वाटते. मला घरजावयासारखं वाटलं, न विचारता फर्निचर हलवणारं.

लॅपटॉपवर गोटूलचेन हे सेटिंग ‘लोकल’ करून ठेवलं, म्हणजे आपण होऊन काही उतरवणार नाही. गो.मॉडमध्ये नुसतं १.२०. टूलचेनची ओळ काढली. एक्स/टेक्स्ट मागं नेऊन ०.१४.० वर खुंटी मारली. आणि यॅमलमध्ये आवृत्ती लिहायचीच बंद केली, सेटअप-गो ला सांगितलं की गो.मॉडमध्ये बघ. तिथून ती अक्षरं म्हणून वाचली जाते, शून्य गळत नाही. एकाच गोष्टीचे दोन ठिकाणी दोन आकडे नकोतच.

मग गोचंच ‘स्लायसेस’ पॅकेज सापडत नाही. तेही १.२१ पासूनचं. जुनं ‘सॉर्ट’ वापरून तीन जागी बदललं. रात्री साडेअकराला हिरवं.

२२ जून, रविवार

चाललं! गुरुजींनी ‘शेतकरी’ टाईप केलं, दोन बोटांनी, मिनिटभर लागलं, आणि सतरा पुस्तकं कपाट नंबरासकट समोर. त्यांनी त्यातलं एक उठून खरंच काढून आणलं. यादी खरी बोलतेय का याची खात्री करायची होती.

मग मुखपृष्ठावर कपाटांची जी बटणं आहेत ती दाबायला लागले.

‘कपाट पहिलं.’ दाबलं. सतरावं उघडलं. कन्नडचं.

‘कपाट सहा.’ सतरावं.

‘छान हाय की ग, खरं कुठलंबी दाबलं तरी कन्नडच येतंय बघ.’ खो-खो हसले. बाहेरून कुणीतरी म्हणालं, ‘गुरुजी, सरकारनं पाठवलेलं सॉफ्टवेअर दिसतंय.’ मग सगळेच हसले. मी सोडून.

लॅपटॉपवर तोच कोड चालवला होता, बारा तारखेला. तेव्हा प्रत्येक बटण आपापलं कपाट उघडत होतं. देवाशप्पथ.

२४ जून

दोन रात्री गेल्या, पण हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

माझा कोड असा: सतरा कपाटांवर एक फेरी. प्रत्येक फेरीत ‘क’ नावाच्या चलात एक कपाट येतं आणि त्याच्या पत्त्यावर एक छोटं फंक्शन (कामाचा तुकडा) टांगलं जातं, ‘कुणी आलं तर क दाखव’. हे फंक्शन लगेच चालत नाही, बटण दाबल्यावर चालतं.

गो १.२२ च्या आधी ‘क’ ही पूर्ण फेरीत एकच डबी होती. दर फेरीला तिच्यातला माल बदलायचा, डबी तीच. सतराही फंक्शनं त्या एका डबीकडं बोट दाखवून उभी, आणि फेरी संपली तेव्हा डबीत सतरावं कपाट. १.२२ पासून दर फेरीला नवी डबी मिळते.

खरी गंमत पुढं आहे. हा बदल लागू व्हायचा की नाही हे कुठलं गो बसवलंय एवढ्यावर ठरत नाही, गो.मॉडमधल्या ओळीवरही ठरतं. १२ तारखेला तिथं १.२३ होतं, म्हणून बरोबर चाललं. १९ ला मी ते १.२० केलं. आज लॅपटॉपवर तेच १.२४ वापरून बांधलं तरी सगळी बटणं सतराव्यावरच जातात. म्हणजे मी ज्याला नुसता आकडा समजत होते, त्या आकड्यानं प्रोग्रॅमचा अर्थ बदलला. कुठं तक्रार नाही, एक इशारा नाही.

उपाय एका ओळीचा: फेरीच्या आत ‘क’ ची स्वतःची प्रत काढायची. जुने गोवाले हे डोळे मिटून करायचे, मी गोला उशिरा आले.

झोपायला जाताना दुसरा विचार आला आणि उठून बसले. माझ्या टेस्टसुद्धा फेरीतच आहेत. शोधाच्या चौतीस टेस्ट एका तक्त्यात, आणि प्रत्येक ‘पॅरलल’ म्हणजे समांतर चालणारी. त्याही फेरी संपल्यावरच चालतात. म्हणजे १९ तारखेपासून चौतीस टेस्ट नव्हत्याच, शेवटची एकच टेस्ट चौतीस वेळा पास होत होती.

तिथंही प्रत काढली. चौतीसपैकी पाच नापास.

२५ जून

नापास झालेल्या पाचांत तीन ‘ॲ’ चे, दोन ‘ऱ्य’-‘ऱ्ह’ चे.

‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीची माणसं ‘अ’ लिहून वर चंद्र काढतात. दिसायला एक, आत दोन. ‘तऱ्हा’ मधला ‘ऱ’ कुणी थेट ऱ नं लिहितं, कुणी साधा र, पाय मोडून, मध्ये न दिसणारा जोडचिन्हाचा कोड घालून. मावसभावाचा कीबोर्ड एक, माझा दुसरा. त्यानं लिहिलेली ‘तऱ्हा’ माझ्या ‘तऱ्हा’ ला सापडत नव्हती.

हे सगळं एक्स/टेक्स्ट सरळ करेल ह्या भरवशावर ते पॅकेज आणलं होतं. पण युनिकोडच्या नियमांत ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र ही दोन एकच मानलेली नाहीत, आणि ते न दिसणारं चिन्हही नियम गाळत नाहीत. त्यामुळं पॅकेज आपलं काम चोख करत होतं, फक्त ते माझं काम नव्हतं. सहा ओळींचा स्वतःचा बदल-तक्ता लिहिला. पाचही पास. कन्नड शब्दांना काही धक्का लागत नाही ना हे धारवाडच्या मैत्रिणीकडून बघून घेतलं. तिनं दोन शब्द उलट मलाच सुधारून दिले.

आणि एक्स/टेक्स्ट काढून टाकलं. ज्याच्यापायी १९ तारखेचा अर्धा गोंधळ झाला, त्याची गरजच नव्हती. आता बाहेरचं एकही पॅकेज नाही. त्यामुळं पॅकेजांच्या पडताळणीची गो.सम फाईल गेली, म्हणून सेटअप-गो ‘कॅशसाठी फाईल सापडत नाही’ अशी कुरकुर करतं. कॅश बंद करून टाकली. साठवायलाच काही नाही.

२९ जून, रविवार

विंडोजच्या मशीनवरही टेस्ट चालवून बघाव्यात म्हणून एक जॉब (ॲक्शन्समधलं स्वतंत्र काम) वाढवला. अकरा नापास. कोड निर्दोष होता. विंडोजवर गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं हत्यार) फाईल उतरवताना ओळींच्या टोकाला एक जादा चिन्ह जोडतं आणि माझ्या नमुन्याच्या फाईली अक्षर-अक्षर जुळवल्या जातात. गिटॲट्रिब्यूट्स ह्या गिटच्या सेटिंग-फाईलमध्ये एक ओळ, मिटलं.

मिनिटांचा हिशेब मात्र बघितला पाहिजे. फुकटच्या खात्याला खाजगी रिपॉझिटरींसाठी महिन्याला २,००० मिनिटं मिळतात. विंडोजचं एक मिनिट दोन धरतात, आणि प्रत्येक जॉब वरच्या पूर्ण मिनिटाला मोजतात. वीस सेकंदांचा जॉब म्हणजे एक मिनिट, विंडोजवर दोन. आमच्या कामाला हे पुरून उरतं, तरी विंडोजचा जॉब फक्त आवृत्ती काढायच्या वेळीच चालेल असा ठेवला. सवय चांगली.

६ जुलै

आषाढी. गावात दिंडी. काम नाही.

१३ जुलै, रविवार

सेटअप-गो आणि चेकआऊट (कोड उतरवणारी) ह्या दोन्ही पायऱ्या आतापर्यंत ‘व्ही ५’, ‘व्ही ४’ अशा खुणेनं वापरत होते. आज दोन्ही कमिटच्या (कोडच्या एका नोंदलेल्या स्थितीच्या) नावाच्या पूर्ण चाळीस अक्षरांवर बांधल्या. ह्या वर्षी मार्चमध्ये टीजे-ॲक्शन्स नावाच्या गटाच्या एका ॲक्शनच्या (तयार पायरीच्या) खुणा कुणीतरी हलवून वाईट कोडकडं वळवल्या होत्या, आणि ती वापरणाऱ्यांच्या लॉगमध्ये पासवर्डसारखी गुपितं छापली जायला लागली. २३,००० वर रिपॉझिटरी तिच्यावर अवलंबून होत्या. खूण हलवता येते. कमिटचं नाव मजकुरावरूनच निघतं, त्यामुळं ते दुसरीकडं वळवता येत नाही. माझ्याकडं चोरण्यासारखं फोन नंबरांशिवाय काही नाही, पण ते नंबर माझे नाहीत. तेही आज वेगळे काढले.

१९ जुलै

मला एकच भीती: उद्या मी किंवा मावसभाऊ विसरून ‘गेट’ करू (नवं पॅकेज आणू), गो.मॉडची ओळ पुन्हा वर सरकेल, सेटअप-गो इमानदारीत नवं गो बसवेल, सगळं हिरवं, आणि कळेल कधी तर पावसात भिजून पोचल्यावर.

गोच्या एक्सईमध्ये ती कुठल्या गोनं बांधली हे कोरलेलं असतं. ‘गो व्हर्जन’ ह्या आज्ञेला पुढं फाईलचं नाव दिलं की ती ते वाचून दाखवते, फाईल विंडोजची असली आणि आपण लिनक्सवर असलो तरी. शेवटच्या पायरीत तेच घातलं: एक्सईवर १.२०.१४ दिसलं नाही तर जॉब लाल. मुद्दाम १.२४ नं बांधून बघितलं, लाल आलं. लाल बघून पहिल्यांदाच बरं वाटलं.

मावसभावाचा प्रश्न: ‘अक्का, मग नवीन मशीनवाल्यांना पण जुन्याच गोची फाईल द्यायची काय?’ नाही. दुसरा जॉब ‘स्टेबल’ वर ठेवला, ६४ बिटची एक्सई तिथून. तिथं गो.मॉड १.२०, बांधणारं १.२४. एकच कोड दोन्हीकडं बांधला जातो, त्यामुळं मी चुकून १.२१ पासूनचं काही वापरलं तर जुना जॉब लगेच ओरडेल.

२७ जुलै, रविवार

पावसाचा जोर फार. कणकुंबीकडून येणारे सांगत होते, मलप्रभा भरून चाललीय. आम्ही बसनं गेलो. लाईट नव्हती, दीड तास पुस्तकं चाळत बसलो. लाईट आल्यावर नवी एक्सई टाकली. सतरा बटणं, सतरा कपाटं. गुरुजींनी प्रत्येक दाबून बघितलं, एकही सोडलं नाही.

मैत्रिणीचा फोनवरून आग्रह चाललाय की मशीनवर लिनक्स टाका. तिचं चुकत नाही. गो १.२० ला फेब्रुवारी २०२४ पासून सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही, आणि विंडोज ७ ला तर जानेवारी २०२० मध्येच मायक्रोसॉफ्टनं हात जोडले. पण हे मशीन नेटला नाही, प्रोग्रॅम फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे ह्याच मशीनचं, ऐकतो, आणि पेन ड्राइव्ह एकच, तोही माझा. एवढ्या जोरावर चालू ठेवतेय. नेटची जोडणी घ्यायची ठरली तर त्या दिवशी जुन्या गोचा हा जॉब बंद, हे गुरुजींना सांगितलंय. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

१३ ऑगस्ट

काल गो १.२५ आलं. आज पुश केल्यावर ‘स्टेबल’ च्या जॉबनं आपण होऊन तेच घेतलं, टेस्ट पास. शेजारच्या जॉबमध्ये १.२०.१४ जागचं हललेलं नाही.

संध्याकाळी गुरुजींचा फोन. एका आजींना त्यांच्या सासऱ्यांनी १९७० च्या सुमारास वाचनालयाला दिलेलं पुस्तक पाहिजे होतं, नाव अर्धवट आठवत होतं. यादीत सापडलं, कपाट अकरा. कपाटात नाही.

‘म्हणजे कुणीतरी नेलंय,’ मी म्हटलं.

‘ते कळलं ग. कुणी नेलंय ते तुझ्या मशीनला विचारता येईल काय?’

देवघेवीची वही अजून टाईप व्हायचीय. मावसभावाला अजून सांगितलेलं नाही.